तिसऱ्या रांगेतले पंधरा

निष्कर्ष

केवळाबाई गुरुवारी दुपारी जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर मरून पडलेली सापडली. एकोणीस मे. उन्हाने गेली. हातात खुरपं होतं. जिथे तिच्या घराचं दार होतं तिथे तिने कोपरभर खोल खड्डा केला होता, आणि आतून निघालेल्या वस्तू कडेला ओळीने मांडल्या होत्या: एक पळी, लहान मुलाची एक चप्पल, काच नसलेला कंदील.

भूकंपाला तेव्हा आठवा महिना चालू होता.

शुक्रवारी सकाळी महादेवीताई औशाच्या गाडीने लातूरला आली आणि तडक कॉलेजात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरली. माळेवाडीच्या पत्र्याच्या वसाहतीत घरोघर जाऊन लोकांपाशी बसायचं, त्यांना बोलतं करायचं, हे तिचं मदतसंस्थेतलं काम. प्रयोगशाळेच्या निम्म्या भागात बारावीच्या जादा तासांचे बाक येऊन पडले होते. त्यांच्यातून वाट काढत ती दिलशाद मॅडमच्या टेबलापाशी पोचली आणि एक कागद समोर ठेवला.

"हा तुमच्याच पोरांनी भरलेला ना?"

दिलशादने पाहिलं. शेड क्रमांक अडतीस. केवळाबाई, वय छप्पन्न. घरातली दगावलेली माणसं तीन. खाली चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे हो किंवा नाही, निळ्या शाईच्या खुणा. रात्री झोप लागते का? हो. एकट्याने असताना रडू येतं का? नाही. जुन्या गावाकडे जाता का? नाही. एकूण त्रासाचे गुण: अकरा.

"सात महिने ती रोज जुन्या गावाला जात होती," महादेवीताई म्हणाली. "सगळ्या रांगेला ठाऊक होतं. मला नव्हतं. का, तर आमची यादी तुमच्या कागदावरनं निघाली. वीस आणि वर गुण, तर आठवड्याला फेरी. खाली, तर नाव कमी. मार्चपासून तिच्या दारात आमचं कुणी गेलं नाही."

दिलशादने खालच्या निळ्या खुणा पुन्हा एकदा मोजल्या.

"सोमवारी आमची निम्मी माणसं दुसऱ्या गावाला जाणार. त्याआधी शेवटची यादी पक्की होते, तुमच्याच आकड्यांवर. मॅडम, एक कागद खोटा निघाला. अजून किती खोटे आहेत ते मला सोमवारच्या आत सांगा."

साहित्य

प्रश्नावल्या पंचेचाळीस. विद्यार्थी तीन. रांगा तीन.

फेब्रुवारीत बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी दिलशादने आलिया, पुनम आणि आदिनाथ यांना माळेवाडीला पाठवलं होतं. पहिली रांग आलियाला, दुसरी पुनमला, तिसरी आदिनाथला. प्रत्येकी पंधरा शेड. अदलाबदल करायची नाही, केली तर शून्य गुण, असं तिने बजावलं होतं. शेड, नाव, वय आधीच टंकलेलं होतं; मुलांनी प्रश्न वाचून दाखवून नुसते आकडे आणि खुणा भरायच्या होत्या, म्हणजे कुणाचं अक्षर नाही, कुणाची सही नाही. दिलशादनेच ते तसं ठेवलं होतं. तपासताना अक्षर किंवा सही ओळखून आपला हात कुणाकडे झुकू नये म्हणून.

शुक्रवारी तिने सगळे कागद जमिनीवर पसरले.

दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात ती एक गंमत करायची. निम्म्या मुलांना पन्नास वेळा नाणं उडवून छापा-काटा लिहायला सांगायची, निम्म्यांना नुसतं मनाने लिहायला. मग न बघता ओळखून दाखवायची. खऱ्या यादीत सलग सहा छापे, सात काटे बिनदिक्कत येतात. मनाने लिहिणारा तीनच्या पुढे गेला की बिचकतो, वाटतं हे खोटं दिसेल, आणि मध्येच बदल करतो.

पहिल्या रांगेच्या कागदांवर सलग नऊ हो होते. दुसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्याने सलग चौदा नाही म्हटलं होतं, बहुतेक वैतागून. तिसऱ्या रांगेत, एकतीसपासून पंचेचाळीसपर्यंत, एकाही कागदावर सलग तीनपेक्षा जास्त सारख्या खुणा नव्हत्या.

एक नव्हे. पंधरा.

आणि हीच रांग तिला सगळ्यांत आवडली होती. मार्चमध्ये वर्गात तिने हेच कागद उंच धरून दाखवले होते.

गृहीतक पहिले

आदिनाथ आता मेडिकल प्रवेशाच्या एका मोठ्या क्लासच्या दारात हजेरी घेत बसायचा. जिन्यावर चपलांचा ढीग होता. तिला पाहून तो उठला.

"मॅडम, तुम्ही? डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं का काय?"

"तिसरी रांग तुझी होती."

"हाव."

"अडतीस नंबरला कोण होतं?"

"म्हातारी व्हती एक."

"काय म्हणाली?"

"फेब्रुवारीतली गोष्ट हाय मॅडम. मला सकाळी काय खाल्लं ते ध्यानात न्हाई. तुम्हीच तर माझ्यावर स्मृतीचा प्रयोग केलता, पाच आकड्याच्या पुढं गाडी गेली न्हाई."

"आदिनाथ, ती बाई काल मेली. तुझ्या कागदावर ती ठणठणीत आहे."

त्याने हजेरीची वही मिटली. वर कुणीतरी माइकवर आम्ल आणि आम्लारी शिकवत होतं.

"मी त्या रांगेत गेलोच न्हाई," तो म्हणाला. "तिथं दिवसा नुसत्या बाया. मी दारात गेलो की पदर घेऊन आत. दुसरीकडं गडी माणसं बसली व्हती, बोलून राहिली व्हती. म्हणून अदलाबदल केली."

"कुणाशी?"

"ते न्हाई सांगणार."

"का?"

"शून्य मार्क म्हणला व्हता तुम्ही. निकाल यायचाय अजून. माझं जाऊ द्या, मी हितं चिकटलोय. तिचं कशाला वाटोळं करू?"

तिचं, तो म्हणाला. त्याच्या लक्षात आलं, पण शब्द निघून गेला होता.

गृहीतक दुसरे

आलियाचं घर म्हणजे गोलाईच्या बाजारामागचं बांगड्यांचं दुकान. शनिवारी सकाळी ती एका बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. दिलशादने आपलं येणं का झालं ते सांगितलं. आलियाने बाईचा हात हळूच खाली ठेवला, अम्मीला हाक मारून तिथे बसवलं, आणि मॅडमला मागच्या खोलीत नेलं.

"मॅडम, खरं सांगितलं तर रागावणार नाही ना?"

"सांग."

"तीन वर्षांत मी एक प्रयोग केला नाही."

दिलशादने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"कुणीच करत नाही. निष्कर्ष पुस्तकात असतो, तो आधी उतरवायचा. मग त्याला जुळेल असा आलेख. मग आलेखावर बोट ठेवून आकडे. सगळं उलटं चालत यायचं. तुम्हाला पण तसंच आवडायचं. नऊ, साडेनऊ. खाली छान म्हणून लाल शेरा."

"सगळे असंच करायचे?"

"सगळे. ती पुनम सोडून. ती येडी खरंच लोकांना आरशासमोर बसवायची. मला पण बसवलं एकदा, आरशात बघत चांदणी गिरवून गिरवून माझी मान गेली."

म्हणजे खोटं लिहिणारी ही, आणि खरं लिहिणारी ती. दिलशादला वाटलं, उत्तर मिळालं. तिने पिशवीतून तिसऱ्या रांगेचे पंधरा कागद काढून आलियाच्या मांडीवर ठेवले. आलियाने ते एकेक करून पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"हे माझं काम नाही," ती म्हणाली.

"आत्ताच तू कबूल केलंस."

"मी खोटं लिहिते ते आळसाने, मॅडम. मी असते तर पंधराही जणींना एकच उत्तर चिकटवलं असतं आणि रसवंतीत जाऊन बसले असते. हे बघा की. एक बाई दुसरीसारखी नाही. कुणाला झोप येते पण भूक नाही, कुणाला भूक आहे पण भीती वाटते. याला लई मेहनत लागते. ज्याला खरं करायची सवय आहे त्यालाच असं खोटं जमतं."

"माळेवाडीला मात्र तू खरंच गेलीस?"

"गेले. तिथे कसं खोटं लिहिणार? माणसं समोर बसून सांगत होती." तिने कागद परत दिले. "पहिल्या रांगेत होते मी, शेवटपर्यंत. अल्लाची कसम पाहिजे तर घेते, पण तुम्ही म्हणाल की कसम हा पुरावा नाही."

चिठ्ठी

शनिवारी दुपारी औशाच्या गाडीचा कंडक्टर कॉलेजच्या फाटकात देऊन गेला.

"मॅडम, केवळाबाईचा नवरा शेषेराव यांना विचारलं. ते सांगतात, फेब्रुवारीत कॉलेजची एक पोरगी आली होती. दोन तास बसली. केवळाबाईनं भाकरी वाढली. शेषेराव दुपारचे घरी आले तेव्हा पोरगी कागदावर लिहून घेत होती आणि केवळाबाई सांगत होती. जुन्या गावचं सगळं सांगितलं म्हणतात. मग कागदावर नाही कसं? सोमवार विसरू नका. महादेवी."

निरीक्षण तक्ता

तिसरी रांग, त्रासाचे गुण, चढत्या क्रमाने:

११
१४ १५
१७ १८ १९
२० २० २१
२२ २३ २४
२६ २७
३०

दिलशादने ते पाठकोऱ्या कागदावर असे एकाखाली एक मांडले आणि पेन खाली ठेवलं.

एक, दोन, तीन, तीन, तीन, दोन, एक. कडेला थोडे, मध्ये गर्दी, पुन्हा कडेला थोडे. घंटेच्या आकाराचा आलेख. दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या तासाला ती फळ्यावर हीच घंटा काढायची आणि म्हणायची, निसर्गात माणसं अशी पसरलेली असतात, तुमचा नमुना नीट घेतला असेल तर तुम्हालाही हीच दिसेल. दिसली नाही तर समजा, तुमचं चुकलंय.

मार्चमध्ये हाच आकार पाहून ती हरखली होती. अहवालात तिने लिहिलंही होतं की वसाहतीतला ताण आता सर्वसाधारण पातळीवर येत आहे. विद्यापीठाच्या चर्चासत्राला तो अहवाल गेला होता. पंधरा बायकांनी, ज्यांच्या घरातून एकेक, दोन-दोन, तीन-तीन माणसं गेली, तिच्या फळ्यावरच्या चित्राप्रमाणे आपापल्या जागा धरून उभं राहावं, यात तिला काहीच खटकलं नव्हतं.

आता तिने एकेक गोष्ट लावून पाहिली. दगावलेल्या माणसांचे आकडे बरोबर होते. म्हणजे भरणारी तिथे गेली होती. शेषेराव म्हणतात तशी दोन तास बसली होती, आणि उत्तरं लिहून घेतली होती. म्हणजे खरे कागद कधीतरी होते. नंतर कुणीतरी ते बाजूला ठेवून नवे भरले, आळसाने नव्हे तर काळजीने. ज्याला खोटं बोलायचं नव्हतं, फक्त चुकायचं नव्हतं, अशा कुणीतरी.

तिने कपाट उघडलं. दोन वर्षांपूर्वीच्या प्रात्यक्षिक वह्या दोरीने बांधलेल्या होत्या. दिलशादच्या वडिलांचा जिल्दसाजीचा, म्हणजे पुस्तकबांधणीचा धंदा, त्यामुळे तिला गाठ सोडताना कागद दुमडू न देण्याची सवय होती. त्या दिवशी तिने दोरी तोडली.

पुनमची वही. प्रयोग: आरशात बघून चांदणी गिरवणे. दहा प्रयत्न. प्रयत्नागणिक लागणारा वेळ कमी होत जायला हवा, कारण माणूस शिकत जातो. पुनमच्या तक्त्यात सहाव्या प्रयत्नापासून वेळ वाढत गेला होता. खाली तिने प्रयुक्ताविषयी, म्हणजे जिच्यावर प्रयोग केला तिच्याविषयी, लिहिलं होतं: प्रयुक्त कंटाळली. तिला मान दुखत असल्याचे तिने सांगितले.

त्यावर लाल शाईने आडवी रेघ. आलेख चुकीचा. पुन्हा करा. ४/१०.

पान उलटलं. तोच प्रयोग, तीच तारीख. वेळ उतरत गेलेला, जिन्यासारखा. मान, कंटाळा, काही नाही. लाल शाई: छान. ९/१०.

अक्षर दिलशादचं होतं.

प्रयुक्ताचे निवेदन

रविवारी सकाळी नांदेडच्या गाडीने ती लोह्याला उतरली, तिथून कंधार. पुनमचं घर किल्ल्याच्या बाजूच्या आळीत, पुढे वडिलांचं भुसारी दुकान. पुनम ओसरीवर शेजारच्या मुलींना इंग्रजी शिकवत होती. मॅडमना पाहून तिने मुलींना घरी पाठवलं आणि ती काही न विचारता आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उशीचा अभ्रा होता. त्यात पंधरा कागद.

"तुम्ही येणार असं मला मार्चपासून वाटून राहिलं होतं," ती म्हणाली.

दिलशादने कागद मोजले नाहीत. "सगळ्यांत कमी किती?"

"अठ्ठावीस."

"आणि सगळ्यांत जास्त?"

"छत्तीस. पंधराच्या पंधरा अठ्ठावीसच्या पुढं. मॅडम, आलेखच होईना. सगळ्या जणी एका कोपऱ्यात गोळा झाल्या. मी तीन दिवस होस्टेलवर कागद घेऊन बसले. मला वाटलं, माझंच चुकलं असणार. मी नीट विचारलं नसणार. मी जाऊन बसले, आठवण काढली, म्हणून त्या रडल्या, म्हणून गुण वाढले. मी गेले नसते तर त्या बऱ्या असत्या. तेवढं मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त."

"हाव. तुम्हीच म्हणायच्या ना, नमुना नीट असेल तर घंटा येते." ती हे टोचून म्हणत नव्हती. पाठ केलेलं सांगत होती. "चांदणीच्या वेळी पण मी आधी चुकीचं लिहिलं होतं."

"ते चुकीचं नव्हतं, पुनम."

पुनमने मान वर केली.

"आलियाची मान खरंच दुखत होती," दिलशाद म्हणाली. "तू बरोबर लिहिलं होतंस. चार गुण मी चुकीचे दिले. आणि नऊ त्याहून चुकीचे."

ओसरीवरून दुकानातला तराजू दिसत होता. पुनमचे वडील गिऱ्हाइकाशी बोलत होते, पण त्यांचे कान इकडे होते. दिलशादने आवाज खाली घेतला.

"अडतीस नंबरला अकरा का दिलेस?"

"डाव्या टोकाला एक कुणीतरी लागतंच." पुनम आता जमिनीकडे बघत होती. "केवळाबाई. खरे छत्तीस त्यांचेच. पण त्यांनी मला भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा, आणि तिखट लागून माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर त्या हसल्या. अख्ख्या रांगेत हसणाऱ्या त्या एकट्याच. मला वाटलं, टोकाला जायचंच असेल तर याच जाऊ शकतील. बाकीच्यांना तिथं ठेवायचा जीव होईना."

दिलशादने ते पंधरा कागद अभ्र्यात परत घातले. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"मॅडम," पुनमने विचारलं, "कशा आहेत त्या?"

उद्देश

सोमवारी सकाळी प्राचार्यांनी तिने विद्यापीठाला लिहिलेलं पत्र वाचलं आणि एक ओळ सुचवली: एका विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे. बाकी सगळं ठीक आहे म्हणाले, कॉलेजचं नाव आहे, शिवाय प्रयोगशाळेची खोली ठेवायची की बारावीला द्यायची याचा निर्णय व्हायचा आहे. दिलशादने पत्र परत घेतलं आणि होतं तसंच पाठवलं. त्यात पुनमचं नाव कुठेच नव्हतं. लाल शाईच्या दोन्ही शेऱ्यांची नक्कल जोडलेली होती. चर्चासत्रातला अहवाल मागे घेत असल्याचं खाली लिहिलं होतं.

साडेदहा वाजता माळेवाडीत महादेवीताईने अभ्र्यातले कागद आपल्या यादीशी ताडून पाहिले. खोट्या गुणांमुळे तिसऱ्या रांगेतली सहा नावं कमी झाली होती. तिने पाच नावं पुन्हा लिहिली. सहाव्यापाशी पेन थांबलं, आणि तिने त्या जागी रेघही मारली नाही, तसंच पुढे गेली.

"आजच जाते पाचही ठिकाणी," ती म्हणाली. "एकेचाळीस नंबरची जेवत नाही म्हणतात." आणि निघाली. दिलशादला तिने बरं-वाईट काही म्हटलं नाही.

केवळाबाई गेल्याचं कळल्यावर पुनम आदल्या दिवशीच हट्टाने बरोबर आली होती. दोघी अडतीस नंबरच्या दारात उभ्या राहिल्या. शेषेराव पत्र्याच्या सावलीत बसला होता. त्याने पुनमला ओळखलं, बसायला पोतं सरकवलं. दिलशाद उभीच राहिली आणि तिने सगळं सांगितलं, तक्ता, घंटा, अकरा, छत्तीस. सोपं करून सांगायचा तिने प्रयत्न केला, पण ते मुळातच फार सोपं होतं.

शेषेरावने ऐकून घेतलं.

"मंजी खरा कागद असता, तर त्या महादेवीताई दर आठवड्याला आल्या असत्या."

"हो."

"आन् आल्या असत्या तर ती तिकडं गेली नसती?"

दिलशाद खाली पोत्यावर टेकली.

"मी बी तिला आडवलं न्हाई, बाई. तिकडनं आली की शांत असायची. दोन घास खायची. मला वाटायचं, जाऊ द्यावं. त्या दिवशी बी मीच खुरपं दिलं." तो थोडा पुढे सरकला. "तुम्ही हेच शिकवता ना कालेजात, माणसाच्या मनाचं? मग सांगा की. कुणी येऊन बसलं असतं तर वाचली असती का ती?"

पुस्तकात याला उत्तर होतं. एक नव्हे, दोन होती, आणि दोन्ही दिलशादला तोंडपाठ होती. पहिलं सांगितलं तर पुनम आयुष्यभरासाठी अडकली असती, दुसरं सांगितलं तर सगळेच सुटले असते, ती स्वतःसुद्धा. बाजूला पुनमचा श्वास तिला ऐकू येत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

शेषेरावने मान हलवली, जणू एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याला काहीतरी खरं सांगितलं होतं.

"मंग तसंच लिवा," तो म्हणाला. "तुमच्या त्या कागदावर."